तळ्याकाठचा जाळ

नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर रिकामं बसवत नाही, हे मी रोज भोगते. कर्जतजवळच्या आमच्या मळ्यात राहायला आल्यावर ह्यांनी परसात सिमेंटचं छोटं तळं बांधलं. कमळं आली, मासे आले. मग मोबाईलवर कुठल्याशा बंगल्यातल्या तळ्यात पेटलेला जाळ पाहिला आणि झालं!

"अहो, पाण्यात कुणी चूल मांडतं का?"

"चूल न्हाई, शोभा हाय ती."

पाइप वाकवून कडं केलं, त्याला भोकं पाडली, काठालगत विटांच्या ओट्यावर ते बसवलं आणि भोवती गोटे मांडले. गॅस घरच्याच गोबरगॅसचा. स्वयंपाकघराच्या पाइपला फाटा काढून आणलेला.

पेटवायला मुहूर्त मात्र निवडला तो विहीणबाई येण्याचा. लेकीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, म्हणून राजूरच्या विहीणबाई लग्नाला आल्याच नव्हत्या. दीड वर्षानं आमची पायरी चढणार होत्या. आज काही कमी पडलं तर पुन्हा अबोला, या धास्तीनं जावयाबरोबर आलेली लेक सकाळपासून जेवली नव्हती. मलाही धीर नव्हता.

दिवेलागणीला त्या आल्या. बोलणं जेवढ्यास तेवढं. हे हौसेनं सगळ्यांना परसात घेऊन गेले, कॉक सोडला, काडी लावली. निळा जाळ उठला, पाण्यातही दिसू लागला. जावई टाळ्या वाजवतोय, तोच आत माझी शेगडी फुस्स! तव्यावर भाकरी अर्धी कच्ची. सगळा गॅस ह्यांच्या शोभेनं ओढून घेतला होता. मला रडूच आलं.

"अहो, बंद करा ते! भाकऱ्या राहिल्यात!" मी खिडकीतून ओरडले. हे ओशाळून कॉककडे धावले.

"राहू द्या, दादा," विहीणबाई म्हणाल्या. तरातरा आत येऊन त्यांनी पिठाची परात उचलली. "चला विहीणबाई. जाळ तिथं हाय, तर भाकरी बी तिथंच."

पदर खोचून त्या तळ्याकाठी बसल्या, मी मागोमाग आणलेला तवा कड्यावर टेकवला. मी थापायची, त्या भाजायच्या. "जाळ लई झ्याक हाय, दादा," त्या म्हणाल्या, "पर बिनतव्याचा काय कामाचा?" हे मान डोलावत होते.

भाकरी टम्म फुगली. विहीणबाईंनी ती मोडली, वर ठेचा ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या लेकीला हाक मारली.

"ये गं, सूनबाई. आदी तू खा. लगीन झाल्यापास्नं माझ्या हातचा घास तुला दिलाच न्हाई मी."