मावशींची चाळणी

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आम्ही तुरीची डाळ करायची छोटी मशीन बनवली होती. माझा प्रबंध तिच्यावरच होता. त्या वर्षांत कापसाने सगळ्यांना रडवलं होतं. गावातच डाळ झाली तर हाताला काम मिळेल, म्हणून मी मशीन टेम्पोत घालून अकोटजवळच्या एका गावात नेली.

पहिल्याच खेपेला निम्म्या डाळीचा चुरा झाला.

बचत गटातल्या एका मावशींनी मूठभर तूर तळहातावर पसरली. "मॅडम, काहून लहान-मोठी तूर एकत्र टाकता? आमी भरडाच्या आदी चाळून घेतो."

खरंच की! प्रयोगशाळेत आम्ही एकसारखी, निवडलेली तूर वापरत होतो; इथे मोठे दाणे रोलरखाली चिरडत होते. लगेच घराघरांतून चाळण्या आल्या. बारीक तूर वेगळी केली, मोठ्या तुरीसाठी रोलर सैल केला आणि मशीन पुन्हा सुरू केली. पिवळीधमक, न तुटलेली डाळ बदाबदा पडू लागली.

"पाहा, आता कशी निघून राहिली!" मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोचताच मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत धावले. "सर, आपल्या मशीनला चाळणी बसवायची!"

पुढच्या मशीनला चाळणी बसवून ती त्याच गावात नेली, आणि चालवायला मावशीच पहिल्या उभ्या राहिल्या.