तिच्यानं काहीच होत नाही

कामठ्याच्या भूमेश्वरी पटलेचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले. आता ती चाळिशीची आहे. बसून सरकते, बसूनच अंगण सारवते. आईबाप गेल्यापासून घरात ती आणि भाऊ गुणवंता दोघंच, आणि चूल तिच्याकडे. तिला कुणी ‘बिचारी’ म्हटलं तर म्हणणाऱ्याची खैर नसते.

परवा गुणवंता तिला दिव्यांगत्वाचे टक्के ठरवून दाखला देणाऱ्या तपासणी शिबिरात घेऊन गेला. रोजची कामं स्वतःची स्वतः जमतात का, ते तिथे मोजत होते. डॉक्टर विचारत होते भूमेश्वरीबद्दल, पण बघत होते गुणवंताकडे.

“आंघोळ जमते?”

“नाही जमत, साहेब.”

“कपडे घालता येतात?”

“शेजारीण घालून देते.”

भूमेश्वरीने डोळे वटारले. गुणवंता तिच्या कानाशी पुटपुटला, “चूप राय ना, टक्के वाढतील.”

“स्वयंपाक?”

“छे! तिच्यानं काहीच होत नाही.”

“काऊन खोटं बोलून राहिला रे?” भूमेश्वरी कडाडली. “साहेब, मले विचारा ना! सारं येते मले.”

“भाऊ तुमच्या भल्याचंच सांगतोय, बाई,” असं हसत म्हणून डॉक्टरांनी गुणवंताचंच उत्तर लिहून घेतलं.

घरी आल्यावर गुणवंता हातपाय धुऊन जेवायला बसला. चूल थंड होती. भूमेश्वरी ओसरीवर भिंतीला टेकून निवांत बसली होती.

“भात नाही मांडला?”

“माझ्यानं काहीच होत नाही. साहेबानं लिहूनबी घेतलं,” ती म्हणाली. “ऊठ, चूल पेटव. अन् भात शिजला का मले भरवायले ये.”