सुई उडू नये म्हणून

जावई पहिल्यांदा त्या घरात शिरला, तेव्हा त्याचा पाय सुरुंगावर पडत असावा तसं त्याचं स्वागत झालं. "हळू!" होणारे सासरे ओरडले. तो दारातच एका पायावर थिजला. शंभराला टेकलेलं वजन, हातात फळांची पिशवी, आणि समोर अख्खं कुटुंब श्वास रोखून एका रेकॉर्ड प्लेअरकडे बघत बसलेलं. नाइलाजाने त्याने दुसरा पाय टेकवला. सुईने टुणकन उडी मारली आणि गाणारी बाई पहिल्या कडव्यातून थेट शेवटच्या कडव्यात जाऊन पडली. सासऱ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हत्तीनेसुद्धा माफी मागितली असती. तरीही लग्न झालं, ते केवळ मुलगी हट्टाला पेटली म्हणून.

घर वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. सासरे पंप दुरुस्त करायचे, पण गल्ली त्यांना 'हळूकाका' म्हणूनच ओळखायची.

मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं, रोज वॉकर घेऊन चाला, नाहीतर हा पाय कायमचा गेला समजा. सकाळी त्यांचं अंग आखडलेलं असे. चालणं जमलं तर संध्याकाळीच, सासरे कामावरून येऊन मागे उभे राहिले की. आणि संध्याकाळी तर रेकॉर्ड लागायची. वॉकरचा एक ठोका पडला, की सुई उडालीच. सासूबाई खुर्चीतच बसून राहू लागल्या.

"बंदच करतो मी ते," सासरे म्हणाले.

"खबरदार! तुमच्या रेकॉर्डवर मी ओरखडे पाडणार नाही, आणि मुक्या घरात फिरणारही नाही. आजारी मी आहे, घर नाही."

"अगं पण पाय…"

"पाय माझा आहे."

सासरे इरेला पेटले. नवा भारी प्लेअर घ्यावा, तर औषधांनी हातात काही ठेवलं नव्हतं. पंपांच्या दुकानातल्या भंगारातून त्यांनी जाड रबराचे तुकडे आणून प्लेअरखाली घातले. सुई उडाली. मग स्पंज घातला. मग टेनिसचे चेंडू अर्धे कापून घातले. शेवटी प्लेअर गातोय की होडीतून प्रवास करतोय, हेच कळेना. आता कुणी खोकलं तरी सुई उडायची. जावयाला दर रविवारी बोलावणं यायचं, कारण त्या वजनाचं चाचणीचं साधन घरात दुसरं नव्हतं.

"चला जावईबापू, दारापासून या."

धप्प. टुणकन.

"जा मागे."

एका रविवारी लेकीने आईला धरून उठवायला घेतलं आणि ती उठेना. पाय काडीसारखा झाला होता. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही.

खुर्चीतूनच सासूबाई म्हणाल्या, "अहो, जावई चालले की टेबलावरचा पेला हलतो. भिंतीवरचं घड्याळ नाही हलत. मी बसून तेवढंच बघते हल्ली."

सासरे उठून घड्याळामागच्या भिंतीला हात लावून आले. जन्मभर त्यांनी हलणाऱ्या पंपाखाली रबर घातलं होतं. इथे प्लेअर मुळात हलतच नव्हता, हलत होती जमीन. आणि ते त्याच जमिनीवर त्याला मऊ गादी घालत बसले होते.

भिंत जाड विटांची होती. तिच्यात दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकले, वर जाड फळी, फळीवर ओट्यातून उरलेला दगडाचा तुकडा, आणि त्यावर प्लेअर.

"मारा उडी," सासरे म्हणाले.

जावयाने डोळे मिटून उडी मारली. खालच्या बिऱ्हाडाने छताला काठी मारली. गाणं चालूच राहिलं.

लेकीने आईला उभं केलं. सासूबाईंनी वॉकर पुढे टाकला. ठक. सगळ्यांचे डोळे सुईवर, सासऱ्यांचे मात्र बायकोच्या पायावर. ठक, फरफट, ठक. त्या खिडकीपर्यंत पोचल्या.

"वळू का?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी नुसती मान हलवली.

हिवाळाभर त्या रोज चालल्या. उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि त्यात त्या गेल्या. सासऱ्यांनी प्लेअर लेकीकडे पाठवून दिला. तिच्या घरी फरशी आहे. तिथे तो साध्या स्टुलावरही नीट वाजतो.