पूर्वीची धार

आमची मैत्री इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासूनची. पुढं माझी ही मैत्रीण टेक्नो, म्हणजे यंत्रावरचं ठोक्याचं नाचसंगीत, वाजवणारी डीजे झाली आणि मी सोलापुरातच एका कॉलेजात शिकवायला लागले. तिचे कार्यक्रम पुण्याला होत. पण नवा सेट, म्हणजे तासाभराचं सलग वाजवणं, तयार झाला की तो सगळ्यांत आधी माझ्याकडं यायचा. सोबत एकच ओळ : "ऐक बे, आणि खोटं बोलू नको."

मी खोटं बोलत नसे. कॉलेजातून आले की इअरफोन लावून गच्चीत बसायचे आणि कुठं कंटाळा आला, कुठं अंगावर काटा आला, ते लिहून पाठवायचे. तेव्हा तिचं वाजवणं फार वेगवान होतं. खाली धडधडणारा ठोका आणि त्याच्यावर झांजेसारखा बारीक, लखलखीत आवाज. लोक त्या आवाजासाठीच यायचे. तिच्या घरी पूर्वी माग होते, त्यामुळं हा ठेका मागाच्या खटखटीतून आला का, असं कुणीतरी विचारायचंच. ती वैतागायची. "माग विकले तेव्हा मी दुसरीत होते. मला फक्त सुताचा वास आठवतो," म्हणायची.

मग वर्षभरात तिचं वाजवणं बदललं. वेग उतरला. वरचा तो बारीक आवाज आधी कमी झाला, नंतर नाहीसाच झाला. उरला नुसता खोल घुमारा, पायातून चढत येणारा. मी लिहिलं, "वरचं कुठं गेलं?"

"नको वाटतं आता," तिनं उत्तर दिलं.

मी पुढं काही विचारलं नाही. पुण्यातल्या महागड्या हॉटेलांना असलं सौम्य आवडत असेल आणि ही त्यांच्यासाठी बदलली, असं मी धरून चालले.

त्याच सुमारास सोलापुरात तिचा पहिला कार्यक्रम ठरला. होटगी रस्त्यावरचा एक हॉल, रविवारची दुपार. कॉलेजची पोरंपोरी आली होती, तिची चुलत भावंडं आली होती. तिची आई मागं खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पहिली पंधरा-वीस मिनिटं लोक वाट बघत उभे राहिले. मग गप्पा सुरू झाल्या, काहीजण चहाला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत. माझीच एक विद्यार्थिनी तिच्या टेबलाजवळ गेली आणि डाव्या बाजूनं म्हणाली, "ताई, जरा फास्ट लावा की." तिनं मान वर केली नाही. पोरीनं दोनदा विचारलं, मग ओशाळून माझ्याकडं आली.

"मॅडम, तुमची मैत्रीण लई भाव खाते हो."

मी हसले. तिच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही.

सगळं संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "काय बे, कसं वाटलं?"

"लिफ्टमध्ये वाजतं ना, तसं."

"एवढं वाईट?"

"वाईट नाही. तुझं नाही."

ती वायर गुंडाळत राहिली.

मी तिथंच थांबायला हवं होतं. दोन दिवसांनी तिनं त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं आणि त्याखाली मी माझ्या नावानं लिहिलं : पूर्वीची धार गेली. भराभर लोकांनी होकार दिला. बरं झालं कुणीतरी बोललं, असं एकानं लिहिलं. मी दिवसभर फोन उघडून ते वाचत होते. मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

संध्याकाळी तिचा निरोप आला. "वाचलं." त्यानंतर तिच्याकडून नवा सेट आला नाही. रागावली असेल, येईल ताळ्यावर, असं म्हणत मीही गप्प राहिले.

पाच-सहा महिन्यांनी तिची आई मला भाजीबाजारात भेटली. काकू अंबाडीची जुडी निवडत होत्या. म्हणाल्या, "कालच पुण्याहून आले. कानाच्या डॉक्टरकडं गेलतो."

"काय झालं काकू, कान दुखतो का तुमचा?"

"माझा कुठं? तिचा. डावा तर गेल्यातच जमा हाय. उजव्यानं बारीक आवाज ऐकू येत न्हाई." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "दोन वर्षं झाली की. तुला बोलली न्हाई?"

मी काहीच न घेता घरी आले आणि तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नुसतं "मला माहीत नव्हतं गं" म्हणाले आणि रडायला लागले.

तिनं मला रडू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "वरचं गेलंय हे सगळ्यांत आधी तुझ्याच लक्षात आलं होतं. मला वाटलं, तू अजून एकदा विचारशील."

"मी ते लिहिलेलं काढून टाकते."

"राहू दे. खरंच होतं ते."

आम्ही आणखी थोडं बोललो, तिच्या औषधांबद्दल, माझ्या परीक्षांबद्दल. फोन ठेवताना ती "ये कधीतरी पुण्याला" म्हणाली; पूर्वी ती तारीख सांगायची.

आता तिला वेगळे लोक ऐकतात. बंगळुरूला तिचे कार्यक्रम होतात. तिथं लोक घुमारा तळपायातून यावा म्हणून चपला काढून जमिनीवर उभे राहतात, असं तिच्या भावानं मला सांगितलं. नवा सेट ती आधी कुणाला पाठवते, मला माहीत नाही. सगळ्यांसाठी येतो तेव्हाच माझ्याकडं येतो. गेल्या रविवारी कपड्यांना इस्त्री करता करता एक ऐकला. एका जागी तो घुमारा थांबतो, बराच वेळ काहीच नसतं, आणि मग इतक्या हळू परत येतो की मी इस्त्री उभी करून तशीच थांबले. कितव्या मिनिटाला ते मी बघून ठेवलं. लिहायलाही घेतलं. पण खाली आधीच पुष्कळ जणांनी त्याच जागेबद्दल लिहिलं होतं. मी पुसून टाकलं आणि उरलेले कपडे संपवले.