दादाच्या हाडांत माझ्या पेशी

गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, माझ्या मूळपेशी माझ्या मोठ्या भावाच्या शरीरात सोडण्यात आल्या. त्याला रक्ताचा कर्करोग होता. मुंबईच्या रुग्णालयात त्याच्याजवळ वहिनी राहिली. मला खोकला झाल्यामुळे आत जाऊ देईनात. मी लाँचने रेवसला उतरून चौलजवळच्या त्याच्या घरी आले.

घरात मी एकटीच होते. दादा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. तो आजारी पडल्यापासून त्याची होडी वाळूवर ओढून ठेवलेली होती. होडी समुद्रावर जात असली की खलाशी मासळीचा वाटा तांडेलाच्या दारात आणून ठेवतात. आता दाराशी कोणी येत नव्हते. बोलणे व्हायचे ते फोनवर.

डॉक्टरांनी समजावले होते. सोडलेल्या पेशी रक्तातून हाडांच्या पोकळीत पोचतात. तिथल्या शेजारच्या पेशी त्यांना रासायनिक संकेत देतात. कोणी पांढरी पेशी व्हायचे, कोणी लाल, कोणाकडून रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तयार व्हायच्या आणि किती लवकर, हे बरेचसे त्या संकेतांवर ठरते. पांढऱ्या पेशींसाठीचा संकेत इंजेक्शनने बाहेरूनही देता येतो, आणि दादाला तो देत होते. त्याने प्लेटलेट लवकर येत नाहीत. पेशी रुजल्या नाहीत, तर दादा वाचण्याची आशा फारशी नव्हती.

"काय गो बाय," दादा फोनवर म्हणाला, "तुझ्या पेशी तुझ्यासारख्याच गो. निघतान कवा, पोचतान कवा, ठावच न्हाय."

"तुझ्या हाडांत जागा कुठं हाय? सगळा हट्ट भरलाय."

तो हसला. हसता हसता त्याला धाप लागली आणि वहिनीने फोन काढून घेतला.

काही दिवसांनी पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. फोन दादानेच केला.

"जाल्यान मासा आला. होडी उतरव."

मागून वहिनीचा आवाज आला, "डॉक्टर थांबा म्हणतान ना!"

"डॉक्टरला दर्यातलं काय कलतं?"

त्याचे डोलीचे जाळे खुंटांना बांधलेले असते आणि पाण्याच्या ओढीने भरते. पहिली मासळी आली की ओढ लागली, बाकीची मागून येणारच, असा त्याचा हिशेब. रुग्णालयातही त्याने तोच धरला. संध्याकाळच्या भरतीला मी नारळ फोडला. खलाशांनी होडी पाण्यात घातली.

सकाळी त्याच्या नाकातून रक्त येऊ लागले. प्लेटलेटची पिशवी चढवल्यावर ते थांबले. दुपारपर्यंत वाडीत बातमी पोचली. अपशकुन मानून खलाशांनी होडी पुन्हा वाळूवर ओढली. मी दारात उभी होते. खोबऱ्याचे तुकडे ताटात तसेच राहिले.

त्यानंतर पिशव्या चालू राहिल्या. पिशवी दिली की वहिनी संध्याकाळी फोन करायची आणि 'आजपण दिली' एवढेच सांगून फोन ठेवायची. पुढच्या आठवड्यात, बुधवारी, ती थोडे जास्त बोलली. दोन दिवस पिशवी दिली नव्हती, तरी त्या दिवशीच्या तपासणीत प्लेटलेट आदल्या दिवसापेक्षा वाढलेल्या होत्या.