न ओळखलेल्या बाईसाठी केलेली सही

"दादा, आप इनको पहचानते हैं?" सब-रजिस्ट्रार मॅडमनी विचारलं.

समोर सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. पण फाइलमध्ये माझी सही होती, की मी त्यांना ओळखतो.

मी भोपाळच्या पंजीयन, म्हणजे रजिस्ट्रीच्या ऑफिसात दफ्तरी होतो, फायली सांभाळायचो. रिटायर झाल्यावर बाहेर सर्विस प्रोव्हायडरच्या टेबलापाशी बसायचो. तो लोकांच्या रजिस्ट्रीचे कागद ऑनलाइन भरून देतो. रजिस्ट्रीला दोन गवाह, म्हणजे साक्षीदार लागायचे. कुणाचा गवाह आला नाही, की मी सही करायचो. सगळेच करायचे.

मॅडमनी हे विचारलं, त्याच्या दोन महिने आधी एक माणूस आईला घेऊन आला. आई शहराच्या कडेच्या मिसरोदचं घर त्याला दान देतेय म्हणे. दानपत्र, म्हणजे पैसे न घेता घर नावावर करून देणं. घरच्या माणसाला दिलं तर स्टँप ड्यूटी कमी लागते, म्हणून असे कागद रोज व्हायचे.

"दादा, आपके ही मराठी लोग हैं. कर दो," सर्विस प्रोव्हायडर म्हणाला.

बाईनं नाकापर्यंत पदर ओढलेला. आपल्या नागपूरकडच्या म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेतील, पण पोटच्या पोरासमोर तोंड झाकणार नाहीत. मी मराठीत विचारलं, "गाव कुठलं हो?" ती गप्प.

"ऊँचा सुनती हैं, काकाजी," मुलगा म्हणाला. म्हणजे कमी ऐकू येतं.

मला कळलं, ही याची आई नव्हे. कळूनही सही केली. बायको जाऊन पाच महिने झाले होते, कशात लक्ष नव्हतं, असं मी नंतर पोलिसांना सांगितलं. ते खोटं. लक्ष होतं. लफड्यात कोण पडणार, एवढाच विचार केला.

घरपट्टीचं बिल मुलाच्या नावानं आलं, तेव्हा खरी आई ऑफिसात आली. मॅडमनी मुलाला आणि मला बोलावलं.

"झूठी पहचान निकली तो थाने को लिखूँगी. आपका नाम भी जाएगा, दादा."

मुलगा माझ्या कानाशी लागला. "बोल दो, यही थीं. दोनों बच जाएँगे."

हो म्हटलं असतं, तर बाईंचं घर गेलंच होतं.

"माझ्याकडे बघून सांगा भाऊ," बाई म्हणाल्या.

"मॅडम, ह्या नव्हत्या. दुसरी बाई होती. मी दोघींनाही ओळखत नाही."

"मग सही कशी केली?" बाईंनी विचारलं. "बायको आहे घरी?"

"गेली."

"बरं झालं. तिला हे बघावं लागलं नाही."

मान वर करवेना.

मॅडमनी पोलीस ठाण्याला पत्र लिहिलं. मुलावर केस झाली, माझ्यावरही. पण एकदा झालेली रजिस्ट्री ऑफिसला पुसता येत नाही, ती कोर्टच रद्द करतं. बाई तारखेला मिसरोदहून बस बदलून येतात. घर अजून मुलाच्या नावावर आहे. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

ज्याला ओळखत नाही, त्याच्या कागदावर गवाह म्हणून सही करू नका. सगळेच करतात, हे मी कोर्टात सांगून पाहिलं. जजसाहेबांनी ते लिहूनही घेतलं नाही.