काष्टा आणि सायकलची सीट

निजामी गेली आणि मी पायजमा ट्रंकेत टाकला. शिकवणं उर्दूतून मराठीत आलं, तसा मास्तरही पायजम्यातून धोतरात यावा, असं माझं म्हणणं होतं. कुणी विचारलं नव्हतं, पण माझ्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की बसली. तेव्हा मी राहायला परभणीत आणि शाळा पोखर्णीच्या वाटेवरच्या एका खेड्यात. जाणं-येणं सायकलवर.

धोतराचा काष्टा सीटवर नेमका नको तिथे येतो. खडबडीत रस्त्यावर तो असा रुतायचा की वर्गात दिवसभर उभं राहूनच शिकवावं लागे. मुलांना वाटे, मास्तर शिस्तीचे आहेत. यावर मी माझाच उपाय काढला. पाना घेऊन सीटचं टोक खाली झुकवलं. रुतणं थांबलं. आता मी सारखा पुढे घसरे आणि हँडलवर हात रेटून स्वतःला मागे ढकलत राही. तरी आपल्या हुशारीवर मी फार खूश होतो.

काही आठवड्यांनी उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट सुन्न झालं. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, मग त्याही नाहीत. त्या दोन बोटांत मुडपून धरलेला खडूचा तुकडा गळाला तर खाली पाहिल्यावर कळे. त्या काळी आमच्याकडे सुन्न बोटाचा एकच अर्थ होता, महारोग. तो शब्द मी तोंडातून काढला नाही. आमची मुलगी तेव्हा तान्ही होती. मी तिला उचलून घेणं सोडलं. बायको माझ्या मागून माझ्याच ताटात जेवायची, तशी रीतच होती. आता मी उठलो की ताट स्वतः घासून ठेवू लागलो. अंथरूण बाहेर ओसरीवर नेलं. तिनं कारण विचारलं तर तिच्यावर खेकसलो. भीती वाटली की मला राग येतो, अजूनही येतो.

शेवटी धीर करून सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी अंगावर कुठे चट्टा आहे का ते पाहिलं, टाचणी टोचली, कापूस फिरवला, कोपराजवळची शीर चाचपली. मग विचारलं, आलात कशावर? बाहेर येऊन त्यांनी मला सायकलवर बसायला लावलं आणि हसू आवरत म्हणाले की सगळं अंग तळहातांवर तोललंय, मग शीर दबणार नाही तर काय. सीट सपाट करा, कोपरं सैल सोडा, मनगट वाकवू नका, मुठीची जागा बदलत राहा, मध्येच उतरून थोडं चाला. आणि सायकलवर तरी पायजमा घाला. महारोग नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. आवारातल्या लिंबाखाली बसून मी रडून घेतलं.

सीट सरळ करून घरी आलो आणि बायकोला सगळं हसत हसत सांगितलं, अगदी काष्ट्यापासून. ती हसली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

“मला वाटलं, पोरगी झाली म्हून तुमाला आमची शिसारी आली,” ती म्हणाली. “भावाला सांगावा धाडलाय मी. उद्या येतोय न्यायला.”

माझ्या मनात असलं काही आलंही नव्हतं, पण ते तिला कळणार कसं? मी मुलीला उचललं. तिची माझ्या हातांची सवय मोडली होती, ती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं, पण मी तिला खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा सोनपेठहून आला. असं तातडीनं का बोलावलंस, काय झालं, असं त्यानं माझ्यादेखत बहिणीला विचारलं.

“काई न्हाई,” ती म्हणाली, “यांचा हात दुखायलता.”

त्याला तिनं पाटावर बसवून जेवू घातलं आणि चार दिवस राहून जा म्हणाली. माझ्याकडे मात्र तिनं संध्याकाळपर्यंत पाहिलं नाही.